चौथी पट्टी दिसत नाही : जोड-फटीच्या प्रयोगाचं एक प्रकरण

दुसऱ्या वर्षाच्या बी.एस्सी.च्या एका जोडीने लाल लेझरची तरंगलांबी मोजली आणि ती ७९० नॅनोमीटर आली. माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश नीट दिसतो. ७५०च्या पलीकडे दिसणं जवळजवळ थांबतं. त्यांच्या गणिताप्रमाणे समोरच्या कागदावरचा तो लालभडक ठिपका त्यांना दिसायलाच नको होता. लेझरच्या वेष्टनावर ६५० नॅनोमीटर छापलेलं होतं. फरक २० टक्क्यांच्या वर गेला होता.

प्रॅक्टिकलमध्ये असं उत्तर आलं की पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. एखादं रीडिंग 'सुधारायचं', ६४८ किंवा ६५३ असा देखणा आकडा आणायचा आणि जर्नलवर सही घ्यायची. या दोघांनी ते केलं नाही. बिघडलेलं उत्तर तसंच घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. त्यांचं मोजमाप उत्तम होतं, आणि जिथे त्यांचं उत्तर बिघडलं नेमकी तीच जागा प्रकाशाबद्दल सगळ्यात जास्त काही सांगत होती.

मांडणी आणि रीडिंग

कॉलेज मध्य मुंबईत, लोकलच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, खिडक्यांना काळे पडदे, पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे भिंतींना ओल. लॅमिंग्टन रोडवर मिळतं तसलं लाल डायोड लेझरचं छोटं मोड्यूल स्टँडवर बसवलेलं. त्याच्यापुढे काचेची स्लाइड: काचेवर काळा लेप आणि त्या लेपात शेजारी-शेजारी दोन बारीक उभ्या फटी. स्लाइडपासून २.५० मीटरवर ड्रॉइंग बोर्ड, त्याला ग्राफ पेपर टेपने चिकटवलेला. लेझर ५ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा असला तरी त्याच्या सरळ रेषेत डोळा आणायचा नाही, ही सूचना सुरुवातीलाच झालेली.

स्लाइडवरचं लेबल पुसलेलं असल्यामुळे फटींची मापं दोघांनी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली (स्क्रूने सरकवून बारीक अंतरं मोजायचा सूक्ष्मदर्शक) स्वतःच घेतली. एका फटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ०.२५ मिमी. प्रत्येक फटीची रुंदी '०.०६ किंवा ०.०७ मिमी', कारण त्या मायक्रोस्कोपवर ०.०१ मिमीपेक्षा बारीक वाचताच येत नाही. रुंदीचा हा आकडा त्यांनी जर्नलच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि पुढे कुठेच वापरला नाही. वापरायला सांगितलंच नव्हतं. जोड-फटीच्या सूत्रात फटीची रुंदी येत नाही: दोन लगतच्या उजळ पट्ट्यांमधलं अंतर घ्या, त्याला फटींमधल्या अंतराने गुणा, स्लाइड ते कागद या अंतराने भागा, की तरंगलांबी मिळते.

कागदावर उमटलेल्या लाल पट्ट्या त्यांनी पेन्सिलीने टिपल्या. मधल्या पट्टीपासून उजवीकडे ६.५, १२.५, १९.०, ३३.०, ३९.० आणि ४५.० मिमी. डावीकडेही तेच आकडे, फार तर अर्ध्या मिलिमीटरने इकडे-तिकडे. त्यांना १ ते ६ असे क्रमांक दिले, क्रमांकापुढे अंतर मांडून आलेख काढला, बिंदूंमधून सरळ रेषा नेली. चढ, म्हणजे दर क्रमांकामागे वाढणारं अंतर, आला ७.९ मिमी. त्याला ०.२५ने गुणून २५००ने भागलं की ०.०००७९ मिमी, म्हणजे ७९० नॅनोमीटर.

मी आलेख हातात घेतला तेव्हा रेषेकडे पाहायच्या आधी बिंदूंकडे पाहिलं. पहिले तीन बिंदू (आणि मधला शून्य) एका रेषेत होते. पुढचे तीन वेगळ्या रेषेत, पण जवळजवळ तितक्याच चढाच्या. दोन समांतर तुकडे, मध्ये पायरी. सरळ रेषा या दोन तुकड्यांमधून ओढूनताणून नेलेली होती आणि तिच्यावर धड कुठलाच बिंदू बसत नव्हता. मला वाटतं, आलेख काढायचा तो यासाठीच. सरासरी काढली असती तर ४५ भागिले ६ म्हणजे ७.५ मिमी आले असते, उत्तर ७५० नॅनोमीटर झालं असतं आणि पायरी कायमची लपली असती.

संशयित

१९ आणि ३३ यांच्यामध्ये १४ मिमीची मोकळी जागा होती. बाकी सगळीकडे पट्ट्या ६ ते ६.५ मिमीवर होत्या. म्हणजे तिथे एक पट्टी असायला हवी होती आणि ती नव्हती. हे दोघांनाही मी न सांगता दिसलं. पण नाहीशी का झाली, यावर त्यांची मतं वेगळी होती.

डोंबिवलीहून येणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, गाडी गेली की टेबल थरथरतं. त्यात पुसली गेली असेल." हा संशय मुंबईतल्या प्रयोगशाळेत पहिला येणारच, आणि तो तपासण्याजोगा होता. पण दोन्ही फटी एकाच काचेवर कोरलेल्या आहेत. हलल्या तर बरोबरच हलतील. त्यांच्यातलं अंतर गाडीने बदलत नाही. फार तर सगळं चित्र एकत्र डुलेल आणि सगळ्या पट्ट्या सारख्याच पुसट होतील. एकीलाच वेचून काढणं थरथरीला जमणारं नाही.

लालबागची मुलगी म्हणाली, स्लाइडवर बुरशी धरली असेल. पावसाळ्यात आमच्या भिंगांवर ती धरतेच, त्यामुळे हाही संशय वाजवी. इथे मात्र एक गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि ती या सगळ्या विषयाच्या गाभ्याशी आहे. फटीच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश कागदाच्या प्रत्येक जागी पोचतो. कागदावरच्या एका पट्टीला फटीतला एखादा ठरावीक भाग जबाबदार नसतो. अख्खी फट जबाबदार असते. त्यामुळे फटीवरचा डाग कागदावर डाग होऊन उमटत नाही. तो उमटलाच तर सगळ्या चित्राचा तोल थोडाथोडा बिघडवतो. शिवाय डाव्या बाजूलाही त्याच अंतरावर तीच पट्टी गायब होती. बुरशीला इतकी शिस्त नसते.

कागदाचा दोष असेल का, हे बोर्ड दोन सेंटिमीटर सरकवून पाहिलं. काळी जागा कागदाबरोबर सरकली नाही, प्रकाशाबरोबर राहिली. स्लाइड काढून नुसता लेझर कागदावर पाडला, ठिपका स्वच्छ होता.

मग त्या मुलीने एक निरीक्षण सांगितलं, आणि प्रकरणाची दिशा बदलली ती तिथे. ती म्हणाली, "आमच्या क्रमांकांत चौथी आहे ना, तिच्यापेक्षा पाचवी जास्त उजळ आहे. बाहेर जाताना उजेड कमी-कमी व्हायला पाहिजे ना?"

मुलाने मोबाइलवर फोटो काढलेला होता. त्यात हे दिसत नव्हतं. मधल्या चार-पाच पट्ट्या कॅमेऱ्याला झेपत नसल्यामुळे सारख्याच पांढुरक्या लाल आल्या होत्या आणि बाहेरच्या सगळ्या सारख्याच अंधुक. डोळ्याने मात्र, अंधाराला सरावल्यावर, तिचं म्हणणं अगदी खरं होतं. मधली पट्टी झगझगीत, पहिली जवळपास तेवढीच, दुसरी उतरलेली, तिसरी बरीच मंद, मग अंधार, मग एक अंधुक, मग तिच्यापेक्षा किंचित उजळ, मग पुन्हा अंधुक. उजेड उतरत होता, शून्याला टेकत होता आणि पुन्हा थोडा वर येत होता. पट्ट्यांच्या बारीक चढउताराच्या वर आणखी एक संथ, मोठा चढउतार पसरलेला होता.

ब्लेड

आता तपासायचं होतं ते एवढंच: दोनपैकी एक फट झाकली तर काय राहतं? फटींमध्ये पाव मिलिमीटरचं अंतर, त्यामुळे हे बोटांनी होणारं काम नव्हे. प्रयोगशाळेतले मामा अशा कामात आम्हा शिक्षकांपेक्षा तरबेज आहेत. त्यांनी दाढीचं अर्धं ब्लेड ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपच्या सरकत्या भागावर मेणाने बसवून दिलं, म्हणजे स्क्रू फिरवून ते स्लाइडच्या अगदी लगत हळूहळू पुढे नेता येईल.

ब्लेडच्या धारेने एक फट झाकली त्या क्षणी बारीक पट्ट्या सगळ्या विरल्या. कागदावर उरला एक रुंद, मऊ कडांचा लाल पट्टा, दोन्ही बाजूंना मिटत गेलेला, आणि त्याच्या पलीकडे दोन्हीकडे एकेक फिकट पट्टा. मधला पट्टा संपून काळोख व्हायचा ती जागा मोजली: मध्यापासून २६ मिमी, उजवीकडे आणि डावीकडेही.

१९ आणि ३३ यांचा बरोबर मध्य २६. गायब पट्टीची जागा.

या प्रयोगात दोन निरीक्षणं शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत, आणि मी दोघांनाही तिथे पुन्हा-पुन्हा ब्लेड पुढे-मागे करायला लावलं. मध्यापासून ३.२५ मिमीवर पेन्सिलीने खूण केली. दोन्ही फटी उघड्या असताना ती जागा काळी असते. एक फट झाकली की ती उजळते. प्रकाश येण्याची एक वाट बंद केली आणि त्या जागी प्रकाश वाढला. पुस्तकात हे वाक्य किती वेळा वाचलं तरी स्वतःच्या हाताने ब्लेड सरकवताना जे होतं ते वेगळंच. मुलाने स्क्रू तीनदा मागे-पुढे केला आणि काहीच बोलला नाही. आता २६ मिमीवरची खूण. दोन्ही फटी उघड्या, काळी. डावी झाकली, काळी. उजवी झाकली, काळीच.

हे दोन अंधार निरनिराळे आहेत. पहिल्या ठिकाणी दोन्ही फटींमधून प्रकाश पोचतो, पण एकीच्या तरंगाचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो आणि दोघं मिळून शून्य होतात. हे व्यतिकरण. दुसऱ्या ठिकाणी कुठलीही फट एकटीसुद्धा काहीच पोचवत नाही. हे विवर्तन. आमच्या जर्नलमध्ये हे दोन स्वतंत्र प्रयोग आहेत, दोन वेगळ्या दिवशी होणारे, दोन वेगळ्या सूत्रांचे. कागदावर मात्र ते नेहमी एकत्रच असतात, एकमेकांना गुणलेले.

एकटी फट २६ मिमीवर अंधार का पाडते

मध्यापासून २६ मिमी म्हणजे २५०० मिमीवर अगदी लहान कोन, सुमारे ०.६ अंश. फट ०.०६२५ मिमी रुंद धरली तर तिच्या दोन कडांपासून त्या जागेपर्यंतच्या अंतरांत ०.०६२५ गुणिले २६ भागिले २५००, म्हणजे ०.०००६५ मिमी इतका फरक पडतो. ६५० नॅनोमीटर. नेमकी एक तरंगलांबी.

आता मनातल्या मनात फटीचे दोन भाग करा. पहिल्या अर्ध्यातला अगदी कडेचा बिंदू आणि दुसऱ्या अर्ध्यातला अगदी सुरुवातीचा बिंदू यांची जोडी लावा. त्यांच्यात अर्ध्या तरंगलांबीचा फरक, म्हणून ते एकमेकांना पुसतात. पुढच्या बिंदूंची जोडी लावा, तेही पुसतात. असं करत अख्खी फट जोड्याजोड्यांनी संपते आणि कुणीच उरत नाही. म्हणून एकच फट, एकटी, आपल्याच प्रकाशाने त्या दिशेला अंधार करते. विवर्तन म्हणजे खरं तर असंख्य उगमांचं व्यतिकरणच आहे. फक्त ते उगम एकाच फटीत दाटीवाटीने बसलेले असतात.

आणि त्याच जागी दोन फटींच्या मध्यांपासूनच्या अंतरांत किती फरक? ०.२५ गुणिले २६ भागिले २५००: ०.००२६ मिमी, म्हणजे २६०० नॅनोमीटर, बरोबर चार तरंगलांब्या. दोन फटींपुरतं पाहिलं तर तिथे लख्ख चौथी पट्टी व्हायला हवी. दोघींचे तरंग तिथे अगदी पावलात पाऊल टाकून येणार होते. पण आलेच नाहीत. जुळवून घ्यायला तिथे काही पोचलंच नाही.

०.२५ भागिले ०.०६२५ म्हणजे ४. फटींमधलं अंतर रुंदीच्या चौपट, म्हणून चौथी पट्टी नाही. आठवीही नसते, बारावीही नसते. आणि ज्या रुंदीला मायक्रोस्कोप '०.०६ किंवा ०.०७' यापेक्षा जास्त काही सांगू शकला नव्हता, ती आता कागदावर मोजपट्टीने मोजता आली: मायक्रोस्कोपला न दिसणाऱ्या अडीच हजारांश मिलिमीटरसाठी २५०० मिमी दूर जाऊन २६ मिमी मोजायचे.

उजेडाचा हिशेबही जुळतो. मधली पट्टी १०० धरली तर पहिली ८१, दुसरी ४१, तिसरी ९, चौथी ०, पाचवी ३, सहावी साडेचार, सातवी दीडच्या आसपास, आठवी पुन्हा ०. पाचवीपेक्षा सहावी (त्यांच्या जुन्या क्रमांकांत चौथीपेक्षा पाचवी) जवळजवळ दीडपट उजळ. त्या मुलीने उघड्या डोळ्यांनी तीन आणि साडेचार यांतला फरक टिपला होता. मधली पट्टी त्यांच्या वीसपटीहून जास्त झगझगीत असताना टिपला होता. मला याचं फार कौतुक वाटलं आणि ते मी तिला सांगितलंही.

१४ का, १३ का नाही

इथे प्रकरण संपलं असं दोघांनाही वाटलं. क्रमांक दुरुस्त केले, म्हणजे ३३, ३९ आणि ४५ मिमीच्या पट्ट्यांना ५, ६ आणि ७ म्हटलं, तर आलेखाची पायरी गेली, चढ ६.५ मिमी आला आणि तरंगलांबी ६५०. पण पायरी गेली तरी बिंदू रेषेवर अगदी चपखल बसत नव्हते, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच.

एक पट्टी गायब असेल तर तिसरी आणि पाचवी यांच्यात १३ मिमी हवेत. होते १४. अर्धा-एक मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीची चूक, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण डावीकडेही १४च होते. तिसरी पट्टी १९.५ऐवजी १९ला, पाचवी ३२.५ऐवजी ३३ला. जणू दोघीही त्या काळ्या जागेपासून दूर सरकल्या होत्या.

सरकल्याच होत्या. तिसऱ्या पट्टीपाशी तो संथ मोठा चढउतार वेगाने खाली चाललेला असतो. पट्टीच्या आतल्या कडेला उजेड जास्त, बाहेरच्या कडेला कमी. दोन्हींचा गुणाकार झाला की सगळ्यात उजळ बिंदू पट्टीच्या खऱ्या मध्यावर राहत नाही, आतल्या बाजूला ओढला जातो. आपल्या आकड्यांनी हिशेब केला तर तिसऱ्या पट्टीचा उजळ बिंदू सुमारे ०.६५ मिमी आत येतो, पाचवीचा सुमारे ०.३५ मिमी बाहेर जातो. दुसरीसुद्धा ०.३ मिमी आत सरकते. त्यांनी तिला १२.५वर टिपलं होतं, १३वर नव्हे, आणि मला त्यांच्या पेन्सिलीचा त्या वेळी अभिमान वाटला.

मग मोजायचं काय? काळ्या रेषा. दोन फटींच्या व्यतिकरणाने जिथे शून्य होतं तिथे मोठ्या चढउताराने कितीही गुणा, शून्य ते शून्यच. ती रेषा तसूभर हलत नाही. ३.२५, ९.७५, १६.२५ मिमी: या काळ्या रेषा नियमाच्या जागी पक्क्या उभ्या असतात, शिवाय उजळ पट्टीपेक्षा त्या अरुंद दिसतात, त्यामुळे टिपायलाही सोप्या. डावीकडच्या तिसऱ्या काळ्या रेषेपासून उजवीकडच्या तिसऱ्या काळ्या रेषेपर्यंत ३२.५ मिमी आले. मध्ये पाच अंतरं, प्रत्येकी ६.५. मध्यबिंदू कुठे आहे हे ठरवायचीही गरज पडली नाही. फक्त गायब पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या रेषा, २२.७५ आणि २९.२५, वेगळ्या दिसत नाहीत. मधला अंधार त्यांना गिळतो. त्या सोडून द्यायच्या.

आमच्याकडे वर्षानुवर्षं जोड-फटीच्या प्रयोगात उजळ पट्ट्या मोजल्या जातात. सूत्र त्याच पट्ट्यांसाठी शिकवलेलं असतं आणि पुस्तकातल्या आकृतीत त्या सगळ्या सारख्या उजळ, सारख्या अंतरावर काढलेल्या असतात. ती आकृती खोटी नाही. फटी त्यांच्यामधल्या अंतराच्या मानाने खूपच अरुंद असतील तर मोठा चढउतार इतका पसरतो की कागदावर त्याचा मधला सपाट भागच दिसतो. पण इतक्या अरुंद फटींतून उजेडही जेमतेम येतो, म्हणून प्रयोगशाळेच्या स्लाइडवर फटी रुंद ठेवतात. मग आकृती एका स्लाइडची आणि हातात दुसरी, असं होतं. माझं ठाम मत आहे की दोन फटींची आकृती विद्यार्थ्यासमोर पहिल्यांदा येते तेव्हाच तिच्यावर तो मोठा चढउतार काढलेला असावा. नंतर कधीतरी जोडायची पुरवणी म्हणून नव्हे.

यंगचं कार्ड

ब्लेड सरकवून पट्ट्या घालवण्याचा हा प्रयोग मुळात टॉमस यंगचा, आणि त्याने तो फटींनी केलेला नव्हता. १८०३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने सांगितलं ते असं: खिडकीच्या झडपेला भोक, त्यावर जाड कागद, कागदाला सुईचं छिद्र, आणि आरशाने आडवी आणलेली उन्हाची तिरीप. त्या तिरिपेत त्याने कागदाचं पातळ कार्ड कडेवर उभं धरलं, सुमारे एक तीसांश इंच म्हणजे ०.८५ मिमी रुंदीचं. कार्डाच्या सावलीच्या आत बारीक पट्ट्या दिसल्या. मग कार्डाच्या एका बाजूने जाणारा प्रकाश त्याने आडोसा धरून अडवला. दुसऱ्या बाजूचा प्रकाश होता तसाच होता, तरी सावलीतल्या पट्ट्या नाहीशा झाल्या. एका बाजूच्या प्रकाशाने त्या होत नव्हत्या. दोघांच्या मिळण्याने होत होत्या. दोन फटींचं वर्णन त्याने पुढे, १८०७मध्ये छापलेल्या व्याख्यानांत केलं.

त्याच्याही आधी, १६६५ साली, बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिमाल्दीचं काम त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. प्रकाश अडथळ्याच्या कडेला वळतो आणि सावलीच्या कडेशी पट्ट्या उमटतात हे त्याने नोंदवलेलं होतं. म्हणजे इतिहासातही विवर्तन आधी, व्यतिकरण नंतर. अभ्यासक्रमात आपण क्रम उलटा लावला आहे.

मुलांना मी रामनांचा पहिला शोधनिबंधही सांगितला, कारण तो या टेबलापासून फार लांबचा नाही. १९०६ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना, वयाच्या १८व्या वर्षी, त्यांनी तो लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापला. विषय आयताकृती फटीच्या विवर्तनाचाच: प्रकाश फार तिरकस गेला की दोन बाजूंच्या पट्ट्या सारख्या राहत नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिसलेली एक न जुळणारी गोष्ट, आणि ती मोजून पाहणारा विद्यार्थी.

उजेड गेला कुठे

मुलाने शेवटी विचारलेला प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. "चौथ्या पट्टीचा उजेड मग गेला कुठे?"

फटींतून जितका प्रकाश आत शिरतो तितकाच कागदावर पोचतो. तो वाटला कसा जातो एवढंच बदलतं. एकटी फट आपल्या प्रकाशाचा सुमारे ९० टक्के भाग मधल्या रुंद पट्ट्यातच टाकते, इथे उजवीकडच्या २६ मिमीपासून डावीकडच्या २६ मिमीपर्यंत. दुसरी फट उघडली की त्या पट्ट्यात नवीन वाटणी होते. अगदी मध्यावर एका फटीच्या चौपट उजेड होतो, दुप्पट नव्हे, कारण दोन तरंगांची उंची मिळून दुप्पट होते आणि उजेड उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. काळ्या रेषांवर शून्य. चौपट आणि शून्य यांची सरासरी दुप्पट, म्हणजे दोन फटींचा मिळून होतो तितकाच. काही हरवत नाही. चौथ्या पट्टीच्या वाट्याला काही यायचंच नव्हतं. फटीच्या रुंदीने ते आधीच ठरवलेलं होतं.

त्याने लगेच पुढचं विचारलं: बोर्ड जवळ आणला तर? हा प्रश्न चांगला, कारण वरचा सगळा हिशेब कागद पुरेसा दूर आहे असं धरून आहे. पुरेसा म्हणजे किती, याचा अंदाज फटींमधल्या अंतराचा वर्ग भागिले तरंगलांबी असा काढतात. इथे तो सुमारे ९.६ सेंटिमीटर येतो. २.५ मीटर त्याच्या पंचवीसपटीहून जास्त, त्यामुळे चिंता नाही. बोर्ड स्लाइडपासून बोटभर अंतरावर आणला तर मात्र पट्ट्यांची ही व्यवस्था मोडते.

दुसरी स्लाइड

पेटीत आणखी एक स्लाइड होती. मायक्रोस्कोपखाली फटींमधलं अंतर पुन्हा ०.२५ मिमी, रुंदी मात्र ०.१० मिमी. लेझर लावायच्या आधी, पडदे उघडे असतानाच, दोघांना काय दिसेल ते लिहून द्यायला सांगितलं.

पट्ट्यांमधलं अंतर बदलणार नाही, कारण फटींमधलं अंतर तेच आहे, ते ६.५ मिमी राहील, हे दोघांनी चटकन लिहिलं. गुणोत्तर मात्र आता अडीच. अडीचावी पट्टी नसतेच. एकट्या फटीचा पहिला अंधार १६.२५ मिमीवर येतो, आणि तिथे व्यतिकरणाचीही काळी रेषा आधीपासून आहे. अंधारावर अंधार, म्हणून तिथे कुठलीच पट्टी गायब होणार नाही. एकट्या फटीचा दुसरा अंधार ३२.५ मिमीवर, आणि तिथे पाचवी पट्टी आहे. मुलाने लिहिलं, पाचवी दिसणार नाही. मुलीने खाली जोडलं: पहिलीनंतर उजेड एकदम उतरेल, आणि तिसरीपेक्षा चौथी जास्त उजळ असेल. आकडे काढले तेव्हा मधल्या १००च्या तुलनेत पहिली ५७, दुसरी साडेपाच, तिसरी अडीचच्या आत, चौथी साडेतीनच्या वर.

मग पडदे ओढले. चौथी तिसरीपेक्षा उजळ होती आणि ३२.५ मिमीवर काही नव्हतं. जर्नलमध्ये दोन्ही स्लाइडींची रीडिंग काळ्या रेषांची लिहिली गेली. पहिला, पायरीचा आलेख त्यांनी फाडला नाही, त्याच पानाला मागून चिकटवला, आणि मी दोन्हींवर सही केली.